ट्रॉलीवरचा गहू

चैत्र लागला की इकडे हिंदी मुलखात, कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीत गव्हाची ट्रॉली येते, आणि नव्या शरबतीचा तो कोरडा, गोडसर, उन्हात तापलेला वास थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. मी सातवी शिकलेला, जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस. दरवळ, परिमळ असले शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. पण याला नुसता वास म्हणणंही जिवावर येतं.

चाळीस वर्षं हा गहू माझ्या बायकोने, सुमनने, निवडला. दाणे तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, एक दाताखाली फोडायची आणि म्हणायची, "दोन क्विंटल घ्या हो, पुढे महागच होणार." सगळी कॉलनी हेच म्हणायची, सगळी कॉलनी एकाच सकाळी पोती भरायची, आणि ट्रॉलीवाला दुपारी भाव चढवायचा! अर्धी महागाई आमच्याच भीतीने पोसली नव्हती का?

पौषात सुमन गेली. परवा ठेवीची मुदत संपली म्हणून बँकेत गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, महंगाई कम हुई, तो ऊपर से ब्याज भी घटा दिया."

"तो दाल सस्ती हुई क्या, बेटा?"

"नहीं अंकल, दाम तो वहीं हैं. बस, बढ़ने की रफ्तार कम हुई."

याला म्हणे उतार! चांगलाच चिडलो. व्याज घटलं ते माझं, आणि भाव मात्र जिथल्या तिथे. पण घराकडे चालता चालता वाटलं, दुःखाचं तरी याहून वेगळं काय आहे? चढलं ते चढलेलंच आहे. फक्त रोज नव्याने चढत नाही. आता जेवण जातं, झोप लागते. एवढा उतार मला पुरे आहे.

आज ट्रॉली आली. सुमनशिवायची पहिलीच. किती घ्यायचा, हा एकच प्रश्न घेऊन जिना उतरलो. मग सांगून टाकलं, एकच पोतं.

"काका, बाद में महंगा पड़ेगा," ट्रॉलीवाला म्हणाला. शेजारच्या वहिनीही ओरडल्या, "अहो भाऊ, दिवाळीपर्यंत तरी पुरेल का? मग द्याल दीडपट!"

"देईन की, वहिनी," मी म्हटलं. "तिच्यासोबत घाबरायला बरं वाटायचं. एकट्याने घाबरण्यात काय मजा?"