दार कुणी लावलं

निजामाच्या राज्यात मी उर्दूतून शिकले आणि राज्य गेल्यावर सेलूच्या मुलींच्या शाळेत मराठीतून शिकवू लागले. तिसरीत एक मुलगी होती, नऊ वर्षांची. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायची. बाप रेल्वेत गँगमन, त्याचं काम चुडाव्याकडं, घरी येणं क्वचित. पोर बोलकी होती, पाढे म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर. एका सोमवारी मधल्या सुट्टीत ती खेळायला गेली नाही. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मला त्या दुकानात धाडू नको म्हणून आईला सांगा की."

आदल्या संध्याकाळी बाजारातल्या एका किराणा दुकानाच्या मालकानं तिला गूळ देतो म्हणून मागच्या खोलीत नेलं होतं. तिथं त्यानं काय केलं ते तिनं तिच्या शब्दांत सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. मी मध्ये बोलले नाही, फक्त ऐकलं. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले आणि तिथून तिच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात.

खोलीचं दार बाहेरून कुणीतरी लावलं होतं. दुकानात एक नोकर होता, गरीब, तिरसट, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. गल्लीनं ठरवूनच टाकलं की त्यानंच लावलं. बायका पोरीला समजावायच्या, "सांग की बये, त्यालाच पाहिलं म्हणून. दोघंबी जातेन आत." ती मान हलवायची. मॅजिस्ट्रेटसमोरही ती एवढंच म्हणाली, "दार लागल्याचा आवाज आला. कुणी लावलं ते मला दिसलं न्हाई."

मॅजिस्ट्रेटनी तरीही दोघांना शिक्षा दिली. दोघांनी परभणीला सेशन जज्जांकडे अपील केलं.

तारखेच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि तिच्या आईबरोबर सकाळच्या गाडीनं परभणीला गेले. आईच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता.

"बाई, पोरीला परत उभं करतेत का वो? तेच तेच विचारतेत का?"

"नाही. अपिलात तिला बोलावत नाहीत. तिनं आधी सांगितलेलं कागदावर आहे, तेच वाचतात."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच बाकाला पाठ टेकली.

कोर्टात बोलणं निम्मं उर्दू, निम्मं इंग्रजी. उर्दूतलं मी तिच्या कानात मराठीत सांगत होते. मालकाचे वकील उंच, आवाज भारदस्त. त्यांनी तीन गोष्टी धरल्या. पोरीला शपथ दिली नव्हती. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. आणि तिला पढवलं होतं. "हुजूर, नऊ वर्षांची पोर! आई सांगेल ते बोलणार."

तिची आई उठायला लागली. मी हात धरून तिला खाली बसवलं.

सरकारी वकिलांनी जबानीचा पहिला भाग वाचला. साक्ष घेण्याआधी मॅजिस्ट्रेटनी पोरीला विचारलं होतं, खरं बोलणं म्हणजे काय? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिलेलं होतं: "जे झालं तेवढंच सांगायचं. न्हाई झालं ते कुणी सांग म्हनलं तरी न्हाई सांगायचं." शपथ राहिली म्हणून साक्ष बाद होत नाही, मुलीला खऱ्या-खोट्याची समज आहे की नाही ते पाहायचं, असं ते म्हणाले. मग त्यांनी माझी जबानी वाचली. दुसऱ्याच दिवशी, कुणी विचारलं नसताना, तिनं शिक्षिकेला हेच सांगितलं होतं.

जज्जसाहेब पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. ते मालकाच्या वकिलांकडे वळले.

"वकीलसाहेब, पोर पढवलेली आहे म्हणता. मग दार कुणी लावलं हे तिला का नाही पढवलं? सगळं गाव तर तेच म्हणत होतं."

वकिलांनी पुन्हा शपथेचा मुद्दा काढला.

दुपारनंतर निकाल सांगितला. मालकाची शिक्षा कायम. नोकर निर्दोष, कारण त्याच्याविरुद्ध गावाच्या संशयापलीकडे काहीच नव्हतं.

बाहेर लिंबाखाली तिची आई रडकुंडीला आली. "त्याला सोडलं म्हंजे माझी पोर अर्धी खोटी ठरली का?"

सरकारी वकील जाता जाता थांबले. "उलट आहे बाई. तिनं न पाहिलेलं सांगितलं असतं, तर तिच्या बाकीच्या बोलण्यावरही शंका आली असती. तिच्या 'दिसलं न्हाई'मुळंच तो मालक आत गेला."

मलाही नोकराचं सुटणं आधी टोचलं होतं. परतीच्या गाडीत मात्र वाटलं, ज्या मापानं आपल्या पोरीचं खरं मोजलं, त्याच मापानं त्या माणसाचंही मोजलं गेलं. बरं झालं. तो पुढं जिंतूरला दुसऱ्या दुकानात लागल्याचं कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला वर्गाबाहेर घेऊन सांगितलं, "कोर्टानं तुझं ऐकलं."

"सगळं?"

"सगळं. दिसलं नाही म्हणालीस तेसुद्धा."

ती म्हणाली, "मंग मी आता खेळायला जाऊ?"

गल्लीत तिला शाळेतून काढून लग्न लावून टाकायची भाषा सुरू झाली होती. बाप रजा घेऊन आला, ओट्यावर बसून सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोर शाळंत जाईल. अन धाकटीबी जाईल." जूनमध्ये तो स्वतः धाकटीला घेऊन आला. त्या वर्षी जिनिंगमधल्या आणखी चार-पाच जणींनी मुली शाळेत घातल्या. मी नाव लिहून घेताना एकीनं विचारलं, "बाई, तुमी पोरींचं ऐकून घेता म्हनं?"

"घेते," मी म्हणाले, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत न जाता पोरींना दिसेन अशी व्हरांड्यात बसायला लागले.