दुसरं मुसळ

या सदरातले गूढ अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेकांवर हसते. ओतूरच्या एका शाळेत क्लार्क आहे. दाराला कुलूप लावलं तरी कागदावर टिक करणारी बाई... तेव्हा झालं तेवढंच सांगते.

जवळच्याच डिंगोरे गावातल्या घरात आम्ही दोघी जावा राहायचो. दोघींचे नवरे आधीच गेलेले, मुलं पुण्यात. थोरल्या जाऊबाई – अक्का – मागच्या वर्षी गेल्या. तेव्हापासून मी एकटी.

अक्का डोंगराकडच्या. गिरणी जवळ असूनही घरापुरता भात पडवीतल्या उखळात कांडायच्या आणि मला समोर उभी करायच्या. एकीचं मुसळ खाली, तेव्हा दुसरीचं वर. माझा ताल चुकला की म्हणायच्या, "यादी करून कांडतीस का गं?"

एका ऑनलाइन संग्रहालयाने जुन्या वस्तूंचे आवाज मागवले होते. ते साइटवर लावतात आणि ऐकणारे खाली कमेंट लिहितात. रविवारी दुपारी मी मोबाईल कट्ट्यावर ठेवला, भात कांडला, रेकॉर्डिंग पाठवून दिलं. अक्कांचं मुसळ दाराआड उभं होतं, त्याला हातही लावला नव्हता.

पहिली कमेंट आली – "दोघींचा ताल छान जमलाय." मग दुसरी – "समोरच्या ताईंचा घाव जड आहे, वयाने मोठ्या असाव्यात." मी लिहिलं, एकटीच होते. कुणाला पटेना. चुकीची फाईल गेली असेल म्हणून तपासली, तीच होती. हेडफोन लावून ऐकलं. ठक्... शांतता... ठक्. एकच मुसळ.

शेजारच्या सखूमावशींच्या कानाला मोबाईल लावला.

"दोघी हायेत की."

"मावशी, नीट ऐका."

"आगं, आक्काचा घाव मला वळखू येत न्हाई व्हय? जुनं हाय ना हे?"

"परवाच्या रविवारचं."

मावशींनी मोबाईल माझ्या हातात दिला. हळूच म्हणाल्या, "आन् तुला ऐकू येत न्हाई?"

ओतूरच्या दवाखान्यात कान तपासून घेतले. नॉर्मल.

मग संग्रहालयातल्या मुलीचा फोन आला. "ताई, दुसऱ्या ताईंचं नाव राहिलंय. नाहीतर आम्हाला 'अज्ञात' लिहावं लागेल."

माझ्या घरात अक्का अज्ञात? मी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं.

"त्यांनाही ऐकवा हं," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधायचंही थांबवलंय. पण परक्या माणसांना ऐकू येतं, मग मलाच का नाही, हे मात्र मनातून जात नाही. ऑफिसातून आले की चहा ठेवते आणि ते रेकॉर्डिंग लावते. माझा घाव, मग रिकामी जागा, पुन्हा माझा घाव.

अक्का त्या रिकाम्या जागेत आहेत म्हणे.