गुरुवारचा आवाज

लग्नाचं पहिलं वर्ष मी नवऱ्यावर रुसण्यात घालवलं. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत हे शिफ्ट संपवून येत. दिवसभर साठवलेलं सगळं मी सांगायला बसे, आणि हे भिंतीकडे बघत "हं" म्हणत. भाजीत मीठ पुरे का, विचारलं तरी "हं". घरच्यांच्या शब्दाखातर यांनी लग्न केलं, मी काही यांना आवडले नाही, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

त्यांचा सगळा जीव बोनसमधून आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर. आल्या आल्या बटण पिळायचे ते थेट शेवटपर्यंत. फळीवरची भांडी थरथरत आणि शेजारीण तिच्या ओट्यापाशी उभी राहूनच फर्माईश सांगे. सहा महिन्यांत स्पीकर दोनदा फाटला. पहिल्यांदा यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा व्होल्टेजला.

दुसऱ्या वेळी मीच तो पिशवीत घालून पिंपरी बाजारातल्या मेकॅनिक चाचांकडे नेला. आतल्या काळ्या कागदाला लांब चीर पडली होती. तिच्यावर पातळ कागद डिंकाने चिकटवता चिकटवता चाचांनी विचारलं, "फाटतो कधी, बेटी?"

"शिफ्टवरून येऊन लावतात तेव्हा."

"आणि गुरुवारी?"

गुरुवारी इकडच्या सगळ्याच कंपन्यांना सुट्टी. मी आठवून बघितलं. गुरुवारी तर हेच म्हणत, "अगं, केवढा तो आवाज, कमी कर."

"प्रेस शॉपला असतील, पत्रे ठोकायच्या धडधडाटात," चाचा म्हणाले. "माझा भाऊ पण तिथलाच. दिवसभर त्या मशीनपाशी उभा राहतो, संध्याकाळी त्याला ऐकूच कमी येतं. आराम झाला की परत येतं. त्याला वाटतं, रेडिओच हळू वाजतोय. कानात बोळे घालायला सांग त्यांना. स्पीकर मी चिकटवीन, कान कोण चिकटवणार?"

मी तिथेच स्टुलावर बसून हसत सुटले. चाचांना काय वाटलं असेल कोण जाणे! हा माणूस माझ्यावर नाराज नव्हताच. माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यांच्याच हातून बेताचा आवाज लावून घेतला आणि बटणाशेजारी तिथेच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. शिफ्टच्या दिवशी कुरकुर करायचे, पण ठिपका ओलांडला नाही. लोक हसले तरी हे कामावर कानात बोळेही घालायला लागले. आणि महत्त्वाचं बोलणं मी गुरुवारसाठी राखून ठेवू लागले.

मला दिवस गेल्याचं कळलं ते सोमवारी. गुरुवारपर्यंत कशी थांबले, माझं मला माहीत. त्या सकाळी रेकॉर्ड ठिपक्यावर वाजत होती. पोह्यांची बशी हातात देताना मी मुद्दाम अगदी हळू सांगितलं. त्यांनी बटण फिरवून आवाज पार बंद केला.

"काय म्हणालीस?"

पुन्हा सांगितलं.

"काय?"

चौथ्या वेळी त्यांचे भरलेले डोळे दिसले. पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं त्यांना. तरी पाचव्यांदाही मी सांगितलं.