उघडं फाटक

मृणालिनी पुण्यात कायदा शिकली आणि लग्न होऊन शारजात आली. भारतातल्या पदवीवर इथल्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं, म्हणून तिने एका अरब वकिलाकडे टायपिस्टची नोकरी धरली. पुस्तकं माळ्यावर गेली. नवरा सदानंद हळहळायचा, ती विषय बदलायची.

१९९६ साली ऑफिसात दौलत आला, कुबड्या घेऊन. मूळचा गुहागरकडचा, उम्म अल कुवैनच्या पाइप कारखान्यात कामाला होता. तिथल्या आवारात पाइप वाहणाऱ्या ट्रॉलीचे रूळ होते आणि ओलांडायच्या जागी फाटक. ते ओलांडताना ट्रॉलीखाली त्याचं पाऊल चिरडलं. ‘थांबून बघा’ असा बोर्ड असताना याने मुद्दाम नियम मोडला, असं म्हणून कंपनीने भरपाई नाकारली.

वकीलसाहेबांनाही केस कमजोर वाटली. मृणालिनीला मात्र कॉलेजात शिकलेला एक निकाल आठवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका गाडीवानाला रेल्वेने उडवलं होतं. त्याने बघून जायला हवं होतं, असा कंपनीचा दावा. हायकोर्ट म्हणालं, उघडं फाटक दिसल्यावर वाट मोकळी आहे असंच माणूस समजणार, दोष कंपनीचा.

तिने धीर करून साहेबांना हे सांगितलं. ते हसले.

"हिंदुस्तानचा निकाल इथे चालत नाही," ते हिंदीत म्हणाले. "पण त्याला विचार, फाटक उघडं होतं का?"

दौलत म्हणाला, "उघडंच होतं ताई. सकाळपासून तारेने बांधून ठेवलेलं."

तार बांधणारा होता ट्रॉलीचा ड्रायव्हर खैरुद्दीन. शुक्रवारी सदानंदने गाडी काढली आणि दोघं अजमानला त्याच्या खोलीवर गेले. माल लवकर हलवायचा म्हणून फोरमनने फाटक बांधायला लावलं, हे त्याने कबूल केलं. पण साक्ष दिली तर नोकरी जाईल, म्हणाला. मृणालिनीने आग्रह केला नाही. आपला नंबर देऊन ती उठली. परतताना गाडीत सदानंद म्हणाला, "माळ्यावरची पुस्तकं काढू या का?"

सुनावणीच्या दिवशी खैरुद्दीन इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टाच्या दारात उभा होता. त्याने सगळं सांगितलं. निकाल दौलतच्या बाजूने लागला. खैरुद्दीनची नोकरी खरंच गेली, तेव्हा साहेबांनी त्याला आपल्याच ऑफिसात ड्रायव्हर म्हणून घेतलं.

दौलत गावी परतला. जयपूर फूट बसवून त्याने आंब्याच्या कलमांची रोपवाटिका काढली. मृणालिनी अरबी शिकू लागली. सुरुवातीला तिचे उच्चार ऐकून खैरुद्दीन तोंड लपवून हसायचा. २००१पर्यंत ती अशिलांचे जबाब थेट अरबीत लिहू लागली होती आणि कामगारांच्या केसेस साहेब आधी तिच्यासमोर ठेवत. दारावर नवी पाटी लागली: ‘मृणालिनी, कायदा सल्लागार’. सदानंदने तिचा फोटो काढून पुण्याला सासऱ्यांकडे पाठवला.