धाकट्या जावेच्या नावावर आलेली मालिका

माझी धाकटी जाऊ प्रसिद्ध झाली तेव्हा मला आनंद झाला, हे खरं. पण त्याआधी थोडे दिवस माझ्या पोटात दुखलं, हेही खरं.

बँकेतली नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं एक विनोदी मालिका लिहीत होते. सोलापुरातलं एक घर, एक सासू, दोन सुना आणि दिवसभर चालणारी त्यांची खडाजंगी. काही भाग लिहून झाले की मी ते मुंबईच्या एका वाहिनीला पाठवायची. उत्तर ठरलेलं असायचं. लिखाण छान आहे, पण विनोदी मालिकांना सध्या दिवस बरे नाहीत, एखादा ओळखीचा चेहरा असता तर विचार केला असता. आता चेहरा मी कुठून आणू? माझ्या ओळखीचे चेहरे म्हणजे दूधवाला आणि पासबुक भरून घ्यायला येणारे खातेदार.

मग चेहरा घरातच निघाला. विजापूर रस्त्यावरच्या एका कॅफेत शनिवारी संध्याकाळी पोरं माईक घेऊन विनोद सांगायची. जाऊ तिथं एकदा गंमत म्हणून गेली आणि सासूबाईंवर बोलली. "आमच्या अत्ती 'बरं, ठेवते' म्हणाल्या की मी गॅसवर कुकर लावते. कारण फोनवरचं खरं बोलणं तिथनं पुढं सुरू होतं." सासूबाईंना आम्ही अत्तीच म्हणतो, त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि बघता बघता ते गावोगाव पोचलं. टेंभुर्णीच्या ढाब्यावर आम्ही जेवायला बसलो तर लोक तिच्यासोबत फोटो काढायला येत राहिले आणि माझी भाकरी गार झाली. सासूबाईंना मात्र याचं काही वाटत नव्हतं. उलट भाजीवालीला त्या स्वतःहून सांगायच्या, "ती बोलती न्हवं का, ती सासू म्हंजे मीच."

एक दिवस त्याच वाहिनीतून जावेला फोन आला. तुमच्यासाठी मालिका करायची आहे, तुमच्याकडे काही आहे का? जाऊ म्हणाली, "आमच्या अक्कानं लिहिलेली तयार आहे की." अक्का म्हणजे मी, आणि मालिका तीच, जी त्यांनी मला सारखी परत पाठवली होती! मला फोन फेकून द्यावासा वाटला आणि त्याच क्षणी नाचावंसंही वाटलं. शेवटी नाचले. जाऊपण नाचली.

वाहिनीच्या बाई म्हणाल्या, आम्ही सोलापूरला येतो, घर बघतो, त्या सासूबाईंना भेटतो आणि तुम्ही दोघी एक-दोन भाग वाचून दाखवा. इथंच आमचं घर चुकलं. मुंबईचा पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या लोकांच्या अंगात जे संचारतं ते संचारलं. सोफ्यावर नवीन चादरी आल्या. भिंतीवरचं कॅलेंडर उतरलं. सासूबाईंनी इरकल साडी नेसली आणि हुकूम काढला की पाहुणे जाईपर्यंत कुणी आवाज चढवायचा नाही, कानडी तर तोंडातून काढायचंच नाही.

बाई आल्या. चाळिशीच्या असतील, गोड बोलणाऱ्या, डोळ्यांवर मोठा चष्मा. सासूबाईंना बघून त्यांचा चेहरा खुलला. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आपण प्रवासात फार दमला असाल. कृपया आसन ग्रहण करावे." जाऊ माझ्याकडे बघायला लागली. ही सासू आम्ही दोघींनी जन्मात पाहिली नव्हती. पुढचा तासभर त्यांनी "फार छान" आणि "आभारी आहे" यापलीकडे शब्द काढला नाही. बाईंनी जावेकडे असं बघितलं की जणू तिनं सगळी सासूच मनानं रचली आहे.

वाचन त्याहून वाईट झालं. जावेला माईकची सवय. ती सासूचंही वाक्य स्वतः म्हणायची, धाकट्या सुनेचंही, आणि माझ्याकडे न बघता पाहुण्यांकडे बघायची. प्रत्येक वाक्यानंतर हशा येईल म्हणून थांबायची. हशा काही येत नव्हता. माझी वाक्यं मध्येच ताटकळत उभी राहायची. तूप वाढण्यावरून सासू-सुनेचं जुंपतं तो प्रसंग माझा सगळ्यात लाडका. तो संपला तेव्हा बाईंनी घड्याळ बघितलं.

मग जावेकडे बोट करून त्या हळूच म्हणाल्या, "आपण असं करू या का? घरबिर राहू दे. ह्या एकट्याच उभ्या राहतील, मागं दिवाणखाना दाखवू, ह्या सासूबाईंचे किस्से सांगतील. लोक ह्यांनाच बघायला येणार आहेत. तुम्ही ह्यांची वाक्यं लिहा."

जावेसाठी तो हातातला घास होता, मी तो काढून घेणारी कोण? पण माझं घर गेलं होतं. माझी सासू, माझी थोरली सून, सगळ्यांनी आता एकीच्या तोंडून बोलायचं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. इतकं वाईट मला त्यांच्या कुठल्याच नकारानं वाटलं नव्हतं.

पानं मांडली. गव्हाची खीर होती, आमच्याकडे तिला हुग्गी म्हणतात. बाईंनी थोडी खाल्ली आणि ताटावर हात धरला. झालं! पाहुण्यानं ताटावर हात धरलेला सासूबाईंना अजिबात खपत नाही. कृपया आणि आभारी क्षणात गळून पडले.

"ह्ये काय जेवण म्हणायचं व्हय? हात काडा बगू. काडा, न्हायतर हातावर वाडीन!"

"नको, खरंच पुरे."

"साकु म्हणायचं न्हाय आमच्या घरात!" पुरेला कानडीत साकु म्हणतात, तेवढं बाईंना न सांगता कळलं. हुग्गी ताटात पडली. सासूबाई जावेकडे वळल्या. "तू काय उभारून बघती? तूप आण की!"

जावेनं तूप आणलं, चमचाभर वाढलं.

"एवढंसं? तुज्या म्हायेरी आसंल आसं थेंबा-थेंबानं वाडायचं."

गावोगावच्या लोकांना हसवणाऱ्या माझ्या जावेनं एकदा सासूकडे बघितलं. मग तिनं शांतपणे तुपाची वाटी उचलली आणि सगळीच्या सगळी पाहुणीच्या ताटात उपडी केली.

"हां," सासूबाई म्हणाल्या, "आता माजी सून वाटली."

बाईंना हसून हसून ठसका लागला. मी पाणी दिलं. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "हे... हे तुम्ही मघाशी वाचलंत तेच ना?" मी म्हटलं, होय. आमच्याकडे पाहुणा जेवला की हे होतंच.

हात धुताना बाईंनी जावेला विचारलं, मग तुमचं काय म्हणणं आहे, एकटीनं करायचं की सगळ्यांनी? मी टॉवेल घेऊन दाराशी उभी. जाऊ म्हणाली, "माझं नाव मोठ्ठं लावा, पोस्टरवर फोटोपण माझाच लावा, मला काही लाज नाही. पण आत घर पाहिजे, अक्कानं लिहिलंय तसंच. मी एकटी बोलत बसले तर तूप कुणाच्या ताटात ओतू?"

नाव मोठ्ठं लागलं. त्या नावावरच पैसे उभे राहिले, त्या नावावरच लोकांनी पहिला भाग लावला, हे मी कुणापुढंही कबूल करते. तिच्या नावाशिवाय माझी पानं अजून त्या वाहिनीच्या कपाटात पडून राहिली असती. पुढचे भाग मात्र लोकांनी कशासाठी बघितले, ते मला मंद्रूपच्या आठवडी बाजारात कळलं.

आम्ही दोघी कांदे घ्यायला गेलो होतो. ऊन होतं म्हणून जावेनं तोंडाला ओढणी गुंडाळलेली. कांदेवाली शेजारच्या मिरचीवालीला कालचा भाग सांगत होती. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा, आणि विनोद यायच्या आधीच ही हसून लोळायची. जावेचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. ती आपली 'म्हातारी' आणि 'धाकली' म्हणत होती, आपल्याच घरातल्या असाव्यात तशी. माझी वाक्यं तिच्या तोंडून येत होती आणि माझी एकटीची राहिली नव्हती. माझे डोळे भरून आले. जावेनं माझा हात गच्च धरला.

आम्ही ऐकतोय हे पाहून कांदेवाली म्हणाली, "बगता का न्हाय तुमी? बगा की. लई भारी हाय. आमच्या घरातलंच सगळं कुणीतरी चोरून लिवलंय. गावली की नाय ती बया, सोडत न्हाय मी तिला!"

चोर म्हणवून घेताना मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. मी पिशवी पुढं केली आणि म्हटलं, "सोडू नका."