लिंबूटिंबू सम्राट

आमच्या सोसायटीत लंगडीचा डाव रंगला होता आणि मी वर गॅलरीतून बघत होतो. आरडाओरडा असा, की वरून जाणारी विमानं वाट बदलत होती. तेवढ्यात शेजारची सहा वर्षांची ओवी पकडली गेली. मोठ्या पोरी म्हणाल्या, "तू लिंबूटिंबू आहेस गं. तुझं आउट धरत नाहीत. पळ."

"मी आउट आहे," ती म्हणाली आणि अशी उभी राहिली, की ओढायला हत्ती आणला असता तर हत्ती दमला असता.

मला बायझंटाईन साम्राज्याच्या पडत्या काळातला तिच्याएवढाच एक सम्राट आठवला. बापाने त्याला मुकुट घालून सहसम्राट केलं, आणि दुधाचे दात पडायच्या वयात तो वारला. त्याने राज्य कुठे केलं, म्हणून विद्वान त्याला सम्राटांत धरायला कुरकुरतात. अहो, मरणाने त्याला लिंबूटिंबू म्हणून सोडलं का? मग तुम्ही कोण वगळणारे? मी त्याला धरतो, आणि सगळ्या दाढीवाल्या सम्राटांच्या आधी धरतो.

खाली पोरी शेवटी वैतागल्या. "बरं बाई, आउट. जा, बस तिकडे."

ओवी कट्ट्यावर आउट होऊन बसलेल्या मोठ्या पोरींपाशी गेली.

"सरका," म्हणाली.

त्या सरकल्या.