आत्याने सोडलेलं कोरं पान

माझ्या आत्याचा मला अजूनही राग येतो, आणि गावाचा तर त्याहून जास्त.

आमच्या एवढ्याशा गावच्या कचेरीत ती सव्वीस वर्षं एकटी कारकून होती. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, खिडकीशी तिचं टेबल. जन्ममृत्यूचे दाखले, घरांच्या नोंदी, पाण्याच्या तक्रारी, सगळं त्याच टेबलावर. गावच्या कारभाराचे ठराव करणाऱ्या सभेला नऊपैकी पाच सदस्य हजर हवेत असा नियम. पण कुणाची कापणी चाललेली, कुणाची गाय अडलेली. मग आत्या रजिस्टर पिशवीत घालून सायकलवरून घरोघरी सह्या घेत फिरायची. सभा झालीच नाही, तरी कागदावर झालेली. कधी ठराव मागाहून लिहायला म्हणून सह्यांच्या वर अर्धं पान कोरंही सोडायची. सगळे तिला डोक्यावर घेऊन नाचायचे. नाचतील नाही तर काय! घरबसल्या कारभार होत होता.

त्याच कोऱ्या जागेत सभेच्या अध्यक्षांनी एक दिवस स्वतःच्या हाताने लिहिलं, की ही कचेरी बंद करून कारभार शहराच्या नगरपालिकेकडे सोपवावा. खाली पाच सह्या आयत्याच होत्या. शहर दोन तासांवर. म्हातारीकोतारी माणसं एकेका दाखल्यासाठी तिथे खेटे घालणार, आणि अध्यक्षांना मात्र तिथे खुर्ची मिळणार.

ठराव जिल्ह्याला गेला, आणि त्याच्या चौकशीला तिथले अधिकारी आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सह्या करणारे पाचही जण पुढच्या रांगेत, तोंडात मिठाची गुळणी धरून. आत्या उठली. मी तिचा हात ओढला. "खाली बस, नोकरी जाईल तुझी!"

तिने हात सोडवून घेतला. "साहेब, त्या दिवशी सभा झालीच नाही. सह्या मी घरी जाऊन घेतल्या. पान मीच कोरं सोडलं होतं."

"असं किती वेळा केलंत?"

"मोजलं नाही. चूक माझी आहे. पण माझ्या चुकीपायी गावाची कचेरी जाऊ देऊ नका."

अधिकाऱ्यांनी ठराव रद्द केला. टाळ्या वाजल्या. मग आत्याला कामावरून कमी केल्याचं सांगितलं, तेव्हा टाळ्या वाजवणारे चपला शोधायला लागले. अध्यक्ष? ते अजून अध्यक्षच आहेत.

तिला परत घ्यायचं तर आता सभेनेच ठराव करायला हवा. नवा कारकून नियमाला पक्का; सह्यांसाठी कुणाच्या दारी जात नाही, आणि ते बरोबरच आहे. सात महिने आत्या दर सभेला बाकावर जाऊन बसते. तीन सदस्य येतात, फार तर चार. कारकून अर्धा तास वाट बघतो आणि सभा तहकूब करतो.

पाचवा होऊ शकेल असा एक सदस्य कचेरीच्या समोरच राहतो. सभेच्या वेळी अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो, बाकावरची आत्या त्याला खिडकीतून सरळ दिसते. गेल्याच आठवड्यात नातीचा जन्मदाखला त्याने रस्ता ओलांडून नेला.